श्लोक नावाचा वारा

माल्टात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला
श्लोक म्हणतात.
नावावर जाऊ नका, पाठ करण्याजोगं त्यात काही नाही.
दमट, जड, आफ्रिकेची वाळू खिशात घालून येणारा.
दिशेच्या नावातच आग,
आणि दारूकामाचा वैरी तोच.
रितियेनच्या वहीत पहिल्या पानावर एवढंच आहे :
श्लोक सुटला तर मोठे गोळे नाहीत.
पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्यांवर राख पडते.

दुसऱ्या पानावर पैसे.
ते काल्चिदोन बघतो. चष्मा कपाळावर चढवून बघतो,
म्हणजे बघत नाही.
"शेजारच्या गावानं मागल्या सणाला चौदा मिनिटं उडवलं.
आपलं पंधरा तरी हवं."
टाळ्या.
बँडचा इंद्री म्हणतो, सोळा.
मागच्या खुर्चीतून कुणीतरी सतरा,
लिलाव लागल्यासारखा.
रितियेन पेन्सिलीला टोक करत राहते.
एका मिनिटात किती रात्री जातात
ते टाळ्यांच्या हातांना कुठून कळणार.

तिच्या हातांना कळतं.
कागदावर खळ, खळीवर कागद,
वर सुतळी, एका गोळ्याला चौसष्ट वेढे,
बाळंतिणीचं पोट बांधावं तशी घट्ट.
मग गच्चीवरचं ऊन.
ती खोली शेतांच्या मधोमध, एकटी,
भोवती निवडुंग आणि दगडी बांध,
गावापासून जितकी लांब तितकी बरी.
आत जाण्याआधी किल्ल्या बाहेर, फोन बाहेर,
नायलॉनचं काही अंगावर नको.
दाराशी तांब्याची पट्टी. तिला तळहात टेकवायचा,
अंगातली वीज जमिनीला देऊन टाकायची.
तिचा बाप स्पिरू म्हणायचा,
घरचं भांडणही इथेच ठेव.

लाल सोपा. हिरवाही ऐकतो.
निळा मात्र
जरा जास्त तापला की पांढरा पडतो,
घाबरलेल्या माणसासारखा.
स्पिरूचा कधी पडला नाही.
माप कुठे लिहिलेलं नव्हतं.
"डोळ्यांनी," म्हणायचा,
आणि तीन बोटांच्या हातानं चाळणी हलवायचा.
उरलेल्या दोन बोटांचा हिशेब
चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात मिटला होता.
तो गेला मात्र अंथरुणात, फेब्रुवारीत, खोकत.
गावाला ते जरा कमीपणाचंच वाटलं.

मागे राहिला एक गोळा.
फळीवर, सुतळी सैल झालेला,
वर त्याच्या अक्षरात फक्त : निळा.
कमिटीला तो शेवटी हवा होता.
घंटा वाजवून, नाव पुकारून, मूर्ती चौकात आल्यावर.
इंद्रीनं त्यासाठी चालसुद्धा बसवली.

रितियेननं तो मंगळवारी बुडवला.
आत काय आहे ते ठाऊक नसलेली दारू
लोकांच्या डोक्यावर पाठवायची नाही,
हेही स्पिरूनंच शिकवलेलं,
कान पिळून.
पिंपात पाणी, पाण्यात गोळा, वर झाकण.
तिसऱ्या दिवशी झाकण काढलं
तर पाण्याला रंग आला होता, हिरवटसर,
बंदरातल्या उथळ पाण्याला असतो तसा.
ती उकिडवी बसून बघत राहिली.
बोट घातलं नाही.
मग नियमाप्रमाणे दोन सह्या, तारीख, वजन.

आज वहीतलं नववं मिनिट काल्चिदोननं पकडलंय.
पहिल्यांदाच चष्मा डोळ्यांवर.
"इथे अकरा सेकंद काहीच नाही?"
"नाही."
"लोकांना वाटेल वात विझली."
"वाटू दे."
"शेजारचे हसतील गं!"
ती म्हणते, लालानंतर डोळे दिपलेले असतात,
अंधाराला थोडा वेळ द्यावा लागतो.
पुढे काय आहे हे ती सांगत नाही.
पुढे तिचा निळा आहे,
सातव्या खेपेचा.
सहा पांढरे पडले.

काल्चिदोन त्या कोऱ्या जागेत
हळूच लिहितो : भाषण?
ती खोडरबर फिरवते.
कण फुंकरीनं उडवते, आणि थांबते.
खिडकीचा पडदा आत आलाय.
सगळे मान वळवून बघतात
कुठल्या बाजूनं.